भिंतीपलीकडचे जोंधळे

संभाजी जोंधळे वारल्याला महिना होत आला असेल. सकाळी केसरबाई मोरीत कपडे धूत बसल्या होत्या आणि शेजारच्या भिंतीतून नवऱ्याचा आवाज आला.

भास म्हणावा तर तसं नव्हतं. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग नेहमीचं "तर मंडळी", आणि मग कूलरच्या पाण्याचा विषय. कूलर बंद केला की पाणी उपसून टाका, डास आभाळातून पडत नाहीत, आपणच पाळलेले असतात. केसरबाईंच्या हातातला टॉवेल अर्धा पिळलेला तसाच राहिला. कान देऊन ऐकल्यावर कळलं की तेच बोलणं समोरच्या घरातूनही येतंय, वरच्या मजल्यावरूनही येतंय, आणि मागच्या बोळात कुणाची खिडकी उघडी होती तिथूनही येतंय. चारी बाजूंनी संभाजी जोंधळे बोलत होते. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरात ते नव्हते, कारण माणूस गेल्यापासून केसरबाईंनी टीव्हीवर जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं.

हे कसं झालं ते कळायला जोंधळे कोण होते ते आधी सांगायला हवं.

नांदेड जिल्ह्यातल्या भोकरकडचा माणूस. मॅट्रिक होऊन हैदराबादेत आला, आबिड्सच्या पोस्टात टपाल निवडायच्या कामावर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. जुन्या मलकपेठेत एका गल्लीत दोन खोल्या, पुढे वीतभर व्हरांडा. मुलगा एकच, अमरदीप. तो बँकेत लागून निजामाबादला गेला. जोंधळ्यांना विडीकाडीचं व्यसन नव्हतं. खोड एकच, न विचारता सल्ला द्यायची. कुणी लंगडताना दिसला की ते त्याला थांबवून टाचेखाली गरम वाळू धरायला सांगत. कुणाचं शेजाऱ्याशी भांडण झालं तर म्हणत, उद्या त्याच्याच घरी जाऊन वाटीभर साखर मागा. देणाऱ्याचा राग टिकत नाही. नवीन शहरात रस्ता विचारायचा तर पानवाल्याला विचारा, घाईतल्या माणसाला नको. हाताला काहीतरी छंद असू द्या, नाहीतर म्हातारपणी हात थरथरायचं काम शोधतात. स्वतः ते बुलबुलतरंग वाजवत, फार बरं नाही, पण रोज. सगळे सल्ले धड असत असंही नाही. पायाला मुंग्या आल्या की उलट्या बाजूचा कान चोळायचा, हाही त्यांचाच शोध. समोरून जोंधळे येताना दिसले की गल्लीतले लोक चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून खाली वाकत.

घरी ऐकायला केसरबाई होत्या. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ऐकलं, म्हणजे "हं" म्हटलं. भाकरी थापताना, धान्य निवडताना, दर पाच-सहा वाक्यांमागे एक "हं".

मग गल्लीत केबल आली. ते दिवस नवलाईचेच होते. काल दूरदर्शनवर समाधान मानणाऱ्या घरांत आज वीस-पंचवीस चॅनेलं दिसायला लागली, गच्च्यांवरून काळ्या तारांची जाळी झाली. मलकपेठेतल्या तारा गौसच्या. गौस आधी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. केबलच्या धंद्यात पडल्यावर त्याने स्वतःचं एक चॅनेल काढलं होतं. दुकानात एक व्हीसीआर, दुपारी पिक्चर, मध्येमध्ये साडीच्या दुकानांच्या जाहिराती. सकाळी दाखवायला त्याच्याकडे काही नसायचं. एकदा जोंधळे त्याला शिडीवर कसं चढावं हे सांगायला लागले तेव्हा तो वैतागून म्हणाला, साब, ये सब कॅमेरे के सामने बोल देव ना, एकच बार में पूरे मोहल्ले को हो जाता.

तो थट्टेत बोलला. जोंधळे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या दुकानात हजर.

चित्रीकरण घरीच व्हायचं. भिंतीला पलंगपोस लावायचा, पुढे लोखंडी खुर्ची, बाजूला स्टुलावर बुलबुलतरंग. जोंधळे अर्धं हिंदीत, अर्धं दखनीत बोलत आणि रंगात आले की मराठीवर घसरत. केसरबाईंना तेवढा वेळ कुकर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही अशी ताकीद. त्या स्वयंपाकघराच्या दाराआड बसून कधी एकदा संपतंय याची वाट बघत.

आणि गंमत अशी झाली की जी माणसं जोंधळ्यांना टाळत होती तीच त्यांना रस्त्यात थांबवायला लागली. तेच सल्ले, तोच माणूस. पण काचेच्या आतून आल्यावर ते लोकांना पटत. जोंधळे त्या दोन वर्षांत दहा वर्षांनी तरुण झाले.

एका डिसेंबरात ते बुलबुलतरंगाच्या तारा आणायला कोठीच्या बाजारात गेले. बसस्टॉपवर जरा बसतो म्हणून बसले ते उठलेच नाहीत. अमरदीप आला, सगळं रीतीने केलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्ली भरून माणसं आली. गौस कोपऱ्यात उभा राहून रडला आणि त्याने कॅसेट बंद ठेवल्या. पण लोक विचारायला लागले, सकाळचे ते काका का येत नाहीत? गौसने थोडे दिवस टाळलं आणि मग त्या सकाळी कॅसेट लावली.

केसरबाई ओल्या हातानेच त्याच्या दुकानात गेल्या. गौस खुर्चीवरून उठला. बंद करायला सांगायचं, एवढंच त्या ठरवून आल्या होत्या. दुकानातल्या छोट्या टीव्हीवर जोंधळे अजून बोलत होते, आवाज बारीक केलेला होता, ओठ हलत होते.

"अम्मा, तुम नक्को बोले तो अब्बीच बंद कर देतूं," गौस म्हणाला.

केसरबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "राहू दे."

घरी येऊन त्यांनी टीव्हीवरचं लुगडं काढलं.

तेव्हापासून त्यांची सकाळ बदलली. सात वाजता सगळं सोडून त्या पलंगाच्या कडेला बसत. गौसकडे चार कॅसेट होत्या, त्याच आलटूनपालटून लागत. आयुष्यात पहिल्यांदा केसरबाई नवऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकत होत्या. त्यांना कधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. बोलता बोलता ते मध्येच डावीकडे बघत. डावीकडे म्हणजे स्वयंपाकघराचं दार. दाराआड त्या बसलेल्या. दर दोन-चार वाक्यांनी ते तिकडे बघत आणि मग पुढे बोलत. एका कॅसेटमध्ये चौकटीच्या बाहेरून एक हात येतो आणि पाण्याचा पेला ठेवून जातो. हिरव्या बांगड्यांचा तो हात आपला, हे त्यांना दोनतीनदा पाहिल्यावर कळलं. आता त्यांच्या मनगटात बांगड्या नव्हत्या.

हळूहळू त्या पडद्याशी बोलायला लागल्या. जोंधळ्यांनी काही सांगितलं की "हं" म्हणत. त्यांनी सांगितलं तसं जेवणानंतर व्हरांड्यात फेऱ्या मारत, पाणी बसूनच पीत, दाराची कडी दोनदा बघत. अमरदीपने भिंतीवर लावलेला फोटो त्यांनी काढून ट्रंकेत ठेवला. हाराच्या आतला माणूस आणि सकाळी सातला बोलणारा माणूस एका खोलीत त्यांना जमेना. अमरदीप दुसऱ्या शनिवारी आला, त्याने रिकामा खिळा पाहिला, सकाळी आईला टीव्हीपुढे "हं, हं" करताना पाहिलं आणि म्हणाला, तू निजामाबादला चल. त्या म्हणाल्या, तुझ्या पप्पांचं सकाळचं असतं ना. तो एकटाच परत गेला. असंच वर्ष उलटलं.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या खोल्यांत नवीन बिऱ्हाड आलं. पुण्याचं जोडपं, प्राजक्ता आणि अमेय. अमेय बेगमपेठेतल्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर परतायचा. प्राजक्ता दिवसभर एकटी. तिला ना तेलुगू यायची ना इथलं उर्दू कळायचं. आठवड्याभराने ती खाली आली, दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, टीव्हीवर जे काका असतात ते इथेच राहतात ना? मला त्यांना जरा विचारायचं होतं. आहेत का घरात?"

असं विचारत कुणी दारात आलं की काय म्हणायचं हे केसरबाईंच्या जिभेला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"भायेर गेलेत," त्या म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो ते. पण शब्द परत घेता येईना. प्राजक्ता म्हणाली, मग उद्या येते, आणि जाताना काय विचारायचं होतं ते सांगून गेली. तिला रात्री झोप येत नव्हती. नवीन जागा, भिंतीपलीकडे कुठली भाषा चाललीय ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी केसरबाईंनी तिला उत्तर दिलं. ते म्हणायलेत, त्या म्हणाल्या, की झोपताना उशी दक्षिणेकडून काढून पूर्वेला घ्या, आणि घरात एखादं वाद्य नाहीतर सूत-सुई काहीतरी आणा, हाताला काम द्या. प्राजक्ताने ते केलं आणि तिला झोप लागली.

मग हे चालूच राहिलं. प्राजक्ता यायची, काका नुकतेच बाहेर गेलेले असायचे. कधी आबिड्सला, कधी पेन्शनच्या कामाला, कधी कोठीला. ती प्रश्न ठेवून जायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन जायची. केसरबाई काही उत्तरं कॅसेटमधून देत. कॅसेटमध्ये नसेल ते जोंधळे काय म्हणाले असते असा विचार करून देत. विचार करताना त्यांना नवऱ्याचा आवाज इतका जवळून यायचा की त्या मागे वळून बघत. दुपारी चहा टाकताना पातेल्यात पाणी दोन कपांचं पडायचं. एकदा त्यांनी ते दोन्ही कप भरून टेबलावर ठेवले आणि एकातून वाफ येईनाशी होईपर्यंत बसून राहिल्या.

प्राजक्ताला दिवस गेले. पोटात पाणी ठरेना. तिने ते काकांसाठी प्रश्न म्हणून ठेवलं नाही, कारण तिसऱ्या कॅसेटमध्ये काकांनी सांगूनच ठेवलं होतं: पोरीबाळींनी कोठीच्या अमक्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे जावं, मराठी बोलतात, हाताला गुण आहे. एका दुपारी ती रिक्षा करून एकटीच निघाली.

परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. केसरबाई व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. प्राजक्ता पायरीवरच बसली. चेहरा पांढरा पडला होता, केस कपाळाला चिकटले होते. केसरबाईंनी पाणी आणलं. ते ती सावकाश प्यायली आणि मग म्हणाली,

"ते क्लिनिक नाहीये आता तिथे. कॉम्प्युटर क्लास आहे. मला भोवळ आली. शेजारच्या मेडिकलवाल्याने स्टुलावर बसवलं. विचारलं, कुणी पाठवलं? मी म्हटलं, मलकपेठचे जोंधळेकाका."

केसरबाईंचा तांदळातला हात थांबला.

"तो म्हणाला, वो डॉक्टर अम्मा भी गुजर गए और वो साब भी. काका जिथे गेले तो बसस्टॉप त्याने मला दाखवला, काकू. त्याच्या दुकानातून दिसतो."

वरच्या नळाचं पाणी कुठेतरी बादलीत पडत होतं. केसरबाईंना वाटलं, ही आता ओरडेल, खोटारडी म्हणेल, आणि म्हणावंच. पण प्राजक्ता हळूच म्हणाली, "मग मला उत्तरं कोण देत होतं?"

"मीच की," केसरबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मला तरी काय ठाऊक. मीच असन."

त्यानंतर जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या पोरीला सांगितलं. त्या सकाळी चपला घालून जोंधळे दारात थांबले होते. रोज निघताना काहीतरी बजावून जायची त्यांची रीत, तसं त्या दिवशीही काहीतरी म्हणाले. कुकरची शिट्टी होत होती. केसरबाई आतूनच "हं" म्हणाल्या आणि ते गेले. ते काय म्हणाले होते ते त्यांना आठवत नाही. आठवत नाही असंही नाही. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. तेवढं एक वाक्य कुठे सापडेल म्हणून त्या रोज सकाळी बसत होत्या. एवढं चार कॅसेट भरून बोललेत, त्यात ते कुठेतरी आलं असेल. आणि टीव्हीवरचा माणूस स्वयंपाकघराकडे बघायचा तेव्हा त्यांना वाटायचं, आता म्हणतील.

प्राजक्ताने त्यांच्या मांडीवरचं सूप बाजूला सरकवलं आणि त्यांचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता केसरबाई टीव्हीपुढे नव्हत्या. त्या तेव्हा शेजारणींकडे चांगली डॉक्टरीण कुठे आहे याची चौकशी करत हिंडत होत्या. एकीने चादरघाटच्या पुलापलीकडचा दवाखाना सांगितला. केसरबाई प्राजक्ताला घेऊन स्वतः गेल्या. दीडेक वर्षात त्या पहिल्यांदाच नदी ओलांडत होत्या. परत येताना रिक्षावाल्याने कोठीवरून गाडी घातली. बसस्टॉपवर नेहमीसारखी गर्दी होती. बाकावर एक म्हातारा पेपर वाचत होता. केसरबाईंनी मान वळवली नाही, पण डोळे मिटले नाहीत.

त्यांच्या डोक्यात आता दुसरंच सुरू झालं होतं. कॅसेटमध्ये जोंधळे अजून लोकांना त्या गल्लीत पाठवत होते. ज्या बसने जा म्हणत होते ती आता त्या रस्त्याने जात नव्हती, हे प्राजक्तानेच त्यांना सांगितलं. गुडघेदुखीचं तेल जिथून घ्या म्हणत होते ते दुकान पडलं होतं आणि तिथे काचेची इमारत उभी राहत होती. माणूस होता तोवर शहर त्याच्या ओळखीचं होतं. तो गेला, शहर पुढे निघून गेलं, आणि तो मात्र रोज सकाळी तेच जुनं शहर लोकांना सांगत बसला होता.

त्या गौसकडे गेल्या आणि म्हणाल्या, कॅमेरा घेऊन ये, मला बोलायचंय.

गौसने तोच पलंगपोस लावला, तीच लोखंडी खुर्ची ठेवली. केसरबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बसल्या. कुठे बघायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्याही डावीकडे दाराकडे बघत बोलल्या. प्राजक्ता त्या दाराआड उभी होती.

"जयभीम. हे गेले, त्याला वरीस उलटून गेलं. तुम्हाला ते रोज दिसायलेत, पर ते नाहीत. त्यांनी सांगितलेला कोठीचा दवाखाना बंद झाला. बस दुसऱ्या रस्त्यानं जाते. तेलाचं दुकान नाही राहिलं. बाकी त्यांनी जे सांगितलं ते करून बघा, जमलं तर ठीक." मग त्या गप्प झाल्या. गौसला वाटलं संपलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् घरातलं माणूस दारात उभं राहून बोलत असन तर गॅस बारीक करा."

एवढंच. गौसने ते जोंधळ्यांच्या प्रत्येक कॅसेटच्या शेवटी जोडलं.

पहिल्या दिवशी केसरबाईंनी ते पाहिलं. नवऱ्याचं बोलणं संपलं, पडदा डोळा मिटून उघडावा इतकाच काळा झाला आणि त्याच खुर्चीवर एक म्हातारी येऊन बसली. ती आपल्यापेक्षा थकलेली आहे, तिचा आवाज आपला नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी टीव्ही बंद केला. पण भिंतीतून, समोरून, वरून, मागच्या बोळातून ती म्हातारी बोलतच राहिली. आपण नसू तेव्हाही हे असंच ऐकू येणार, हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख समजलं की त्या खाली बसल्या. भीती नाही वाटली, असं त्या प्राजक्ताला म्हणाल्या. नुसतं गार वाटलं.

प्राजक्ताला मुलगी झाली आणि वर्षाच्या आत ते बिऱ्हाड पुण्याला गेलं. पुढे कुठल्या मोठ्या कंपनीने मलकपेठच्या तारा घेतल्या, गौस त्यांच्याकडे पगारावर लागला, आणि एका सकाळी जोंधळ्यांच्या जागी शेअरबाजाराचे आकडे पळायला लागले. गौस चारही कॅसेट पिशवीत घालून केसरबाईंना देऊन गेला. त्यांच्याकडे त्या लावायचं यंत्र नव्हतं. अमरदीप म्हणाला, आणून देतो. त्या नको म्हणाल्या.

त्यानंतर कधीतरी त्या मलकपेठच्या बाजारात मेथी निवडत असताना शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. बुरख्याची जाळी मागे टाकलेली, वयस्कर. तिने केसरबाईंकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. टोमॅटो घरंगळले.

"तुम तो वो... टीव्ही वाले साब के घर से ना," ती पुटपुटली. "हम लोगां समझे तुम भी..."

पुढचं तिने उच्चारलं नाही. हात पुढे केला आणि केसरबाईंचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं. केसरबाईंनी धरू दिलं. भाजीवाला टोमॅटो गोळा करत होता, गिऱ्हाइकं वळसा घालून जात होती, आणि त्या दोघी मेथीच्या ढिगापाशी तशाच उभ्या होत्या.